सुईणीच्या वहीचं रीळ

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून दोन मिनिटांत ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्त्यांत तू बाबांना रोज हरवतेस हे कळतं. ते उलटं सांगतात, पण आवाजावरून कळतं.

आता माझं रडगाणं. दोनशे वर्षांपूर्वीच्या ज्या सुईणीवर मी प्रबंध लिहितेय, तिची मूळ वही पुरात गेली. उरलीय ती फक्त मायक्रोफिल्म, इथल्या ग्रंथालयात. चार महिने अर्ज केले तेव्हा काल रिळाचा डबा टेबलावर आला. झाकण उघडलं आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी. फिल्म विभागाचे प्रमुख धावत आले, झाकण लावून डबा घेऊन गेले. (कमरेला सतत किल्ल्या, म्हणून मी त्यांना मनात कुलूपराव म्हणते.) म्हणाले, रीळ सडलंय, शेजारच्यांनाही सडवेल, महिनाअखेरीला नष्ट करायच्या यादीत घालतो. माझा अर्ज निकाली.

एकतीस वर्षं तू अशाच फिल्मा काढल्यास. सांग, आता काय करू? बाबांना यातलं काही बोलू नकोस, ते लगेच मला बँकेच्या परीक्षेचे फॉर्म पाठवतील.

माया आहेच, सल्ला मात्र परतीच्या टपालाने पाठव.
तुझा भुंगा


७ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी शांत हो. तो वास म्हणजे जुन्या फिल्मची पट्टीच कुजायला लागली. ती आखडते, वाकते, पण चित्र लगेच जात नाही. कुणी उत्साहाच्या भरात ते रीळ वाचनयंत्रावर चढवेल, तर त्याला अडव. दिव्याच्या उष्णतेने उरलंसुरलंही जाईल.

खरी गोष्ट पुढे आहे. आमच्या वेळी एक रीळ कधीच नसायचं. मूळ निगेटिव्ह वेगळं ठेवायचं आणि त्याची प्रत वाचकांना द्यायची, असा दंडक होता. तुझ्यापुढे आली ती प्रत. मूळ कुठेतरी गारव्यात सुखाने बसलं असणार. तुझ्या कुलूपरावांना जुनी आवक-जावक वही काढायला सांग. गोड बोलून सांग. तुझं गोड बोलणं मला ठाऊक आहे, म्हणून दोनदा लिहिते, गोड बोलून. तो माणूस वाईट नाही, बाकीची रिळं वाचवतोय.

डब्यावर चित्रण करणाऱ्याचा क्रमांक असतो, तोही बघून कळव.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, उत्तर लवकर दे.
आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणजे कमाल आहेस. मी इतकी गोड बोलले की कुलूपराव घाबरले. दोन दिवस आम्ही दोघं धुळीत बसून जुन्या वह्या चाळत होतो आणि नोंद सापडली. मूळ निगेटिव्ह एका सरकारी फिल्मकोठारात आहे, इथून बसने चार तास.

पण घोडं अडलं. कोठारवाले म्हणतात, ज्यांचं रीळ त्यांचं पत्र आणा. कुलूपराव म्हणतात, ते मूळ आमचंच आहे याचा कागद माझ्याकडे नाही, मी सही कशी करू? नोंदीत फक्त रिळाचा क्रमांक आहे, ते कुणासाठी काढलं ते नाही. महिनाअखेर तेरा दिवसांवर आली, मग ही प्रतही जाणार. त्यांनाही वाईट वाटतंय, पण नियमाबाहेर जाणारा तो माणूस नाही.

चित्रण करणाऱ्याचा क्रमांक सात आहे. तुमच्यातलं कोण होतं हे सात? हयात असतील तर त्यांच्या पाया पडायला जाईन.

उत्तराची वाट बघत,
भुंगा


१९ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

सात नंबर मीच. तू वहीचं नाव घेतलंस तेव्हाच मला शंका होती, आणि म्हणूनच क्रमांक विचारला.

सोबत सही केलेलं निवेदन आणि माझ्या त्या वर्षीच्या कामाच्या रोजनिशीची नक्कल आहे. कुठल्या तारखेला, कुठल्या ग्रंथालयासाठी, किती पानं, सगळं त्यात आहे. कुलूपरावांना तेवढं पुरेल. मात्र देण्याआधी निवेदनाचा शेवट वाच. जे अडतीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते तिथे लिहिलंय.

मी चोवीस वर्षांची होते. हाताखाली वह्यांचे ढीग, आणि वही दुसऱ्या दिवशी परत करायची घाई. सुईणीच्या वहीला तेलाचे डाग होते, पानं चिकटायची. एका चित्रात समोरासमोरची दोन पानं यायची, आणि संध्याकाळी कॅमेऱ्यावरचा आकडा आणि पानांच्या जोड्यांची बेरीज एकाने जुळेना. बासष्ट-त्रेसष्ट ही जोडी सुटली होती. तिथेच दोन पानं चिकटली होती, मला आठवलं. आमचे तपासनीस फार कडक. दिवसभर डोळ्याला भिंग लावून फिल्म बघत, म्हणून आम्ही त्यांना भिंगवाले म्हणायचो. मी घाबरून गप्प घरी गेले. सकाळी धीर करून आले तर वही टेबलावर नव्हती, परत गेली असणार. पुढच्याच वर्षी पूर आला.

तुझ्या सुईणीची ती दोन पानं माझ्यामुळे बुडाली. निवेदनाचा शेवट गाळून तुझी सोय केली असती, पण मग रोजनिशी अर्धीच द्यावी लागली असती. जे आहे ते आहे. तू रागावलीस तरी चालेल.

आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. बस धरली.

कुलूपरावांनी तुझं निवेदन दोनदा वाचलं, शेवट तीनदा, आणि सही केली. वर रजा टाकून स्वतः माझ्याबरोबर आले. प्रवासभर त्यांनी मला आर्द्रतेबद्दल ऐकवलं. आता मी त्या विषयावर दुसरा प्रबंध लिहू शकते.

कोठारात डबा उघडला. वास नाही. फिल्म नव्यासारखी करकरीत. तिथल्या बाईंनी एकेक चौकट स्कॅन केली आणि अक्षर पडद्यावर असं आलं की जणू शाई अजून ओली आहे. एकसष्ट आलं. पुढे चौसष्ट. कुलूपरावांनी चष्मा काढून पुसला.

काम तसंच पुढे चाललं. शेवटच्या पानानंतर मला वाटलं, संपलं. पण फिल्म अजून होती. एक पाटी आली: ‘सुटलेली पाने ६२-६३, पुन्हा चित्रित.’ तारीख तुझ्या रोजनिशीतल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची. खाली सही, तपासनीस.

आत्या, त्या सकाळी वही परत गेलीच नव्हती. ती भिंगवाल्यांच्या खोलीत होती.

आता पान ऐक. प्रत्येक बाळंतपणाची ती एकच ओळ लिहायची, आई कोण, मदतीला कोण, काय झालं. बासष्टवर लिहिलंय: ‘आई मीच. मदतीस कोणी नाही. मुलगी. रडली.’ तिला मूल होतं की नाही यावर माझ्या मार्गदर्शकबाई आणि मी वर्षभर भांडतोय. मी तिथे सगळ्यांसमोर रडले. कुलूपरावांनी रुमाल दिला, मग फिल्मपासून लांब उभं राहायला सांगितलं.

स्कॅन आता सगळ्या अभ्यासकांना खुलं करणार आहेत. सात नंबरच्या पाया पडायला रविवारी येतेय.

तुझा, अजून रडवेला,
भुंगा


११ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तू रविवारी गेलीस आणि मी मंगळवारी भिंगवाल्यांचा पत्ता शोधून काढला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, मुलीकडे राहतात. भिंग आता वर्तमानपत्राला लागतं. मला ओळखलं, क्रमांकाने.

मी सगळं सांगितलं. अडतीस वर्षं कसं मनात ठेवलं, कितीदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्यांना यातलं काहीच आठवत नाही.

मी म्हटलं, असं कसं, तुमची सही आहे. तर म्हणाले, “अहो, रोज कुणाचं ना कुणाचं पान सुटायचंच. ते बघायला तर मला बसवलं होतं.”

भुंग्या, मला हसू आवरेना. तेही हसायला लागले. त्यांची मुलगी आतून बघायला आली.

मग मी त्यांना ते पान वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा वाचायला सांगितलं. निघताना विचारत होते, त्या मुलीचं पुढे काय झालं. मला माहीत नाही. तू शोध आणि त्यांना लिही. पत्ता मागच्या बाजूला आहे. आणि हे बघ, ते अठ्ठ्याऐंशीचे आहेत, तेव्हा प्रबंधाइतका वेळ लावू नकोस.

तुझी,
सात नंबर