आईची वाक्यं कोण वाचणार?

खडकी,
४ ऑगस्ट १९९७

चि. सौ. हुस्नबानू हिस भाईजानकडून अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. मे महिन्यात दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो, तेव्हा वाटलं होतं, आता वेळच वेळ. तो सगळा लोकांच्या दारात बसण्यात चाललाय. मला टीव्हीवरच्या मालिकेत काम करायचंय, हे तुला ठाऊक आहे. कारखान्याच्या नाटकांतून अडतीस वर्षं कामं केली, कामगारांच्या स्पर्धेत तीनदा पदक घेतलं, एवढं पुरे वाटलं होतं. पण निर्माते नव्या माणसाला भेटतच नाहीत. मध्ये कोऑर्डिनेटर नावाचा प्राणी लागतो. तो आपलं नाव नि फोटो निर्मात्यांकडे पोचवतो. त्याच्या यादीत नसलो, तर आपण जन्मलोच नाही असं समजायचं.

असे तिघे पाहिले. पहिल्यानं विचारलं, याआधी कुठल्या मालिकेत होतात? कुठल्याच नाही म्हटल्यावर म्हणाला, की एक करा आणि मग या. दुसऱ्यानं नाव ऐकून दाढी वाढवायला सांगितली. मौलवी लागला तर कळवतो म्हणाला. मी म्हटलं, मी मामलेदार, वकील, इनामदार आणि एकदा भटजीसुद्धा केलाय. तर म्हणाला, ते कारखान्यात चालतं, इथं पडद्यावर भूमिकेच्या नावाखाली नटाचं नाव येतं. तिसरे कर्वेनगरचे दिगंबर नामजोशी. त्यांच्याकडे दोन बस बदलून तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा फोटो नव्हते, दुसऱ्यांदा फोटोत मी हसत नव्हतो, तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते. ते जेवण चार वाजेपर्यंत चाललं.

तुझी भाभी म्हणते, आरशासमोर बसा, तो तरी परत पाठवत नाही.

कादरभाईंना सलाम. तिकडची खुशाली कळव, आणि आहे ती माया कमी करू नकोस.

तुझा,
अकबर

मिरज,
१२ ऑगस्ट १९९७

ती. भाईजान यांना हुस्नाचा सलाम, वि. वि.

पत्र पोचलं, यांना वाचून दाखवलं. भटजीपाशी इतके हसले, की चहा सदऱ्यावर सांडला. म्हणतात, रेल्वेत पस्तीस वर्षं तिकिटं तपासली, पण बिनतिकिटाचा माणूस इतका हटून बसलेला पाहिला नाही. रागावू नका, थट्टेचा हक्क मेहुण्याचाच.

मला मात्र चीड आली. दाढी वाढवा म्हणे! तुम्ही तिथं काही बोलला नसणार आणि घरी येऊन भाभींवर डाफरला असणार. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. फोटोत हसा, पण ओठ मिटून; वरचा एक दात गेलाय, हे नामजोशींना इतक्यात कळायला नको.

सप्टेंबरात चांदच्या लेकीला बघायला येतेय. मुलगा तुमचा असला, तरी नात माझीही आहे. आठ दिवस राहीन. त्यात एकदा तुमच्याबरोबर कर्वेनगरलाही येईन. बाईमाणूस दारात बसलं, की साहेबांची जेवणं लवकर आटोपतात.

थोरांना सलाम, बाळाला पापा. तुमची माया आहे तशीच असू द्या.

आपली,
हुस्ना

मिरज,
२२ सप्टेंबर १९९७

ती. भाईजान यांना सलाम, वि. वि.

सुखरूप पोचले. पुण्याला स्टेशनवर सोडायला चांद आला होता. अब्बांचं डोकं दुखतंय, म्हणाला. तुमचं डोकं कधी दुखतं, ते मला लहानपणापासून माहीत आहे.

भाईजान, मी मुद्दाम काही केलं नाही. नामजोशींनी तुम्हाला प्रवेश वाचायला दिला, मुलाला घराबाहेर काढणाऱ्या बापाचा. आईची वाक्यं कोण वाचणार, असं त्यांनी विचारलं आणि तो कागद तुम्हीच माझ्या हातात दिलात. चारच वाक्यं होती. शेवटचं त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं, मग आणखी एकदा. त्यानंतर त्यांनी तुमच्याकडे पाहिलं नाही, हे मला तिथंच दिसलं. परतताना दोन्ही बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. आठ दिवसांसाठी आलेली मी पाचव्या दिवशी का निघाले, हे भाभींनाही कळलंय.

एक ओळ तरी लिहा. शिव्या असल्या तरी चालतील.

तुमची,
हुस्ना

खडकी,
११ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. हुस्ना हिस आशीर्वाद.

सोबत नामजोशींचं पत्र आहे. ते तुझ्या नावानं माझ्या पत्त्यावर २५ सप्टेंबरला आलं. सोळा दिवस माझ्या कपाटात होतं. फोडलेलं नाही, आत काय असेल ते कळायला फोडावं लागत नाही.

काल चांदच्या दुकानात त्यांचा फोन आला, की बाईंचं उत्तर का नाही. नोव्हेंबरात चित्रीकरण आहे, आईचं काम आहे आणि त्यांना तूच हवी आहेस. चांदनं माझं विचारलं. ते म्हणाले, तुमचे वडील फार मोठ्यांदा बोलतात. शेवटच्या रांगेतल्या फिटरला ऐकू जावं म्हणून अडतीस वर्षं बोललो, त्याचा हा निकाल.

काय ते तू ठरव. माझ्या मते या वयात मिरजेहून ये-जा झेपणार नाही. शिवाय लोक बोलतील.

अकबर

मिरज,
१७ ऑक्टोबर १९९७

ती. भाईजान यांना सलाम.

सोळा दिवसांबद्दल मी काही म्हणणार नव्हते. पण शेवटची ओळ वाचली आणि हातातली भाजी तशीच राहिली.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. १९५७ साली शाळेच्या गॅदरिंगात मी राणी होणार होते. महिनाभर तालमी झाल्या. एक तालीम तुम्ही दाराशी उभं राहून पाहिलीत आणि संध्याकाळी अब्बांना सांगितलंत, की लोक बोलतील. दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन पोशाख मीच परत केला. दोन वर्षांनी तुम्ही कारखान्याच्या नाटकात उतरलात, तेव्हा कुणीच काही बोललं नाही. तुमच्या पहिल्या पदकाचे पेढे गल्लीत मी वाटले. मला खरंच आनंद झाला होता. आज हे लिहिताना त्या आनंदाचाच राग येतोय.

यांना विचारलं, तर म्हणाले, परवानगी कसली मागतेस, पास काढून देतो.

नामजोशींना होकार कळवलाय. ३ नोव्हेंबरला येते. तुमच्याकडे उतरू की लॉजवर, एवढं मात्र कळवा.

आपली,
हुस्नबानू

खडकी,
९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. हुस्ना हिस अनेक आशीर्वाद.

तू आमच्याकडेच उतरलीस, चार दिवस राहिलीस. कालवणातल्या मिठापासून पुण्याच्या हवेपर्यंत आपण सगळं बोललो, जे बोलायचं ते सोडून. म्हणून लिहितो.

चित्रीकरणाच्या बंगल्यावर मी आलो, तो भाभीनं घराबाहेर काढलं म्हणून. कॅमेऱ्यात येताय, बाजूला व्हा, असं मला दोनदा ऐकावं लागलं. बापाचं काम करणारा नट माझ्याहून वाईट होता, हे मी कुठंही सांगेन. मग तुझी वेळ आली. मुलगा बॅग उचलून निघतो आणि तू त्याला फक्त विचारतेस, की डबा घेतलास का. आवाज चढवला नाहीस, रडलीही नाहीस. माझ्या शेजारी दिव्याची वायर धरून उभा असलेल्या माणसानं तोंड फिरवलं. मी असतो, तर बंगला डोक्यावर घेतला असता.

काल पुन्हा कर्वेनगरला गेलो होतो, माझ्यासाठी. नामजोशींनी यादीत घेतलं नाही. म्हणाले, आधी हळू बोलायला शिका. अठ्ठावन्नाव्या वर्षी! संतापात उलट्या बसमध्ये चढलो आणि वारज्यात उतरलो. तरी पुन्हा जाणार आहे.

आता राहिलेलं. अब्बांना मी जे सांगितलं, ते खोटं होतं. कुणीही काही बोलत नव्हतं. त्या तालमीत तू बोलत होतीस आणि मैदानातली पोरं खेळ सोडून खिडकीला लागून गप्प उभी होती. त्याच शाळेत त्याच्या तीन वर्षं आधी मला नाटकातून काढून टाकलं होतं. एवढंच कारण होतं, हुस्ना. दुसरं कुठलंही नव्हतं.

उत्तराची घाई करू नकोस. राग आला, तर तो पुरा येऊ दे. त्यातून काही माया शिल्लक राहिली, तर ठेव.

तुझा भाऊ,
अकबर