वाट हिवरावरून जाते

१७ नोव्हेंबर २००२, रविवार

प्रगतीची लाल सायकल गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाते आणि परत येते. आज बावन्न फेऱ्या मारल्या पोरीने! गॅलरीत बसून मोजल्या मी. गेटबाहेर नगर रोड, आणि त्यावर ट्रकच ट्रक. त्यातले निम्मे मीच सोडलेले. कंपनीत डिस्पॅचला बारा वर्षं झाली. कोणती गाडी कुठून घातली की किती किलोमीटर वाचतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि स्वतःच्या पोरीला सायकल चालवायला अख्ख्या शिरूरात एक वाट सापडत नाही.

शेजारच्या जालिंदरचं सायकलचं दुकान आहे. तो म्हणाला, "तुमच्या कॉलनीतल्या सायकली माझ्याकडं गंजून येत्यात, झिजून एक बी न्हाई."

लागलं मनाला. ठरवलं! महिन्यातून एक रविवार, कॉलनीतली सगळी कुटुंबं, आईबापांसकट, सायकलवर. मोठ्या रस्त्याला चाक लावायचं नाही. वाटा कोण सांगणार? आबा! चाळीस वर्षं ह्या मुलखात मेंढरांमागे चाललेत. डांबरावर पाय ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीची गुरुवारची सुट्टी; सायकलींच्या रविवारी रजा टाकावी लागेल. सकाळी आबांना घेऊन बसलो. जेवले की नाही हे त्यांना आठवत नाही. रूपालीने ताट उचललं आणि लगेच विचारतात, "सूनबाई, जेवाय कवा?" पण वाट विचारली की डोळे मिटतात आणि बोट हवेत चालायला लागतं. ओढा कुठे उतरायचा, बांध कुठे मोडलाय, बाभळी कुठून सुरू होतात — एकदाही अडखळले नाहीत. मी कंपनीच्या रद्दी कागदांच्या पाठीवर काढत गेलो.

डॉक्टर म्हणाले होते, जुनं शेवटी जातं. म्हणजे जाणार आहेच. त्याच्या आत हे सगळं कागदावर यायला हवं. आणि एकदा तरी आबांना सोबत घेऊन त्यांच्याच वाटेने जायचंय. लहानपणी ते आठ महिने बाहेर असायचे. त्यांच्याबरोबर मी कधी चाललोच नाही. शाळा होती ना माझी! त्यांनीच घातलेली.

निघायचं किती वाजता, विचारलं. "दंव उतरल्याबिगर न्हाई. वल्लं गवात खाल्लं की फुगत्यात."

"आबा, सायकली गवत खात नाहीत."

फार हसले. मग पुन्हा म्हणाले, "दंव उतरल्याबिगर न्हाई."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चार वाटा झाल्या. कागद शेजारी शेजारी लावले तर गंमत दिसली. न्हावरे गावाच्या अंगाला जाणारी असो की नदीकडे वळणारी, प्रत्येक वाट मध्येच वाकडी होते आणि माळावरच्या एका हिवराच्या झाडापाशी जाऊन येते. बंधाऱ्यापासून पुढचा टप्पा सरळ गेलं तर दोन किलोमीटर. आबांच्या वाटेने साडेतीन.

"तिथं पाणी आहे का?"

"न्हाई."

"मग कशाला जायचं?"

"हिवर हाय तितं."

"पण कशाला?"

"जायाचं." बस्स. एवढंच.

लहान पोरांना दीड किलोमीटर जास्त कशाला? पट्टी घेतली, बंधाऱ्यापासून सरळ रेघ मारली, वाकडी खोडली. आबा बघत होते. माझं मनगट धरलं! म्हाताऱ्याच्या हातात अजून ताकद आहे. मी सोडवून घेतलं. रागावले बहुतेक, तोंड फिरवून बसले. तासाभराने विसरले.

१ डिसेंबर, रविवार

आबा प्रगतीला 'थोरली' म्हणायला लागलेत. "थोरले, पाणी आन." ती वैतागते. "आजोबा, मी एकटीच आहे, थोरली कशी?" माझं नाव अजून घेतात, कधी कधी.

८ डिसेंबर, रविवार

पहिली फेरी. लिहायला धीर होत नाही.

सुरुवात काय छान झाली होती! अकरा पोरं, पाच बाप, दोन आया, मागे पंप घेऊन जालिंदर. आबा माझ्या कॅरिअरवर, खाली रूपालीने उशी बांधून दिलेली. ज्वारीच्या रानातून पोरं ओरडत चालली होती. बंधाऱ्यापाशी मी सरळ वळलो आणि आबांनी चालत्या सायकलवरून उडी टाकली. पडले नाहीत हे नशीब. उभे राहिले ते राहिलेच.

"वाट चुकलास."

"नाही चुकलो, आबा. बसा."

"वाट चुकलास. म्या न्हाई येनार."

सगळे खोळंबले. कुणीतरी हसलं. मी ओरडलो — "मेंढरं नाहीत आता तुमच्याकडे! डोकं फिरलंय का तुमचं?" पोरांसमोर, माणसांसमोर, स्वतःच्या बापाला.

आबांनी टोपी काढून हातात घेतली, आणि साहेबासमोर गडी उभा राहतो तसे माझ्यासमोर उभे राहिले. जालिंदरने खांद्याला धरून त्यांना माघारी नेलं. आम्ही पुढे गेलो. भेळ खाल्ली. मी पण खाल्ली!

लाज वाटते. फार लाज वाटते.

९ डिसेंबर

आबांना कालचं काही आठवत नाही. मला आठवतंय.

१९ डिसेंबर, गुरुवार

एकटाच गेलो, खोडलेल्या वाटेने. रान उजाड आहे, पण वाट पक्की, चाक रुतत नाही. हिवर सापडलं. एकटंच झाड, पसरलेलं, सावली दाट. खाली मातीत अर्धे रुतलेले तीन दगड. कळपाच्या मुक्कामाची जुनी चूल असणार. म्हणजे इथे ते भाकरी करत असतील! म्हणून एवढा हट्ट. खोकं एवढुसं आणि कुलूप केवढं, तशी गत! मला आधीच सांगितलं असतं तर?

नाही, मीच विचारलं नाही नीट. 'पाणी आहे का' विचारलं. 'तुमचं काय आहे तिथं' असं कुठे विचारलं?

वाटेवर दोन ठिकाणी काटे आहेत, तेवढे काढावे लागतील. बाकी पोरांना थांबायला जागा उत्तम. २६ जानेवारी रविवारी येतोय, कंपनीलाही सुट्टी. आबांच्या वाटेनेच जायचं. वाकडी तर वाकडी.

१२ जानेवारी २००३, रविवार

आबा आज मला 'पाव्हणं' म्हणाले. "बसा पाव्हणं, च्या घ्या." बसलो. चहा घेतला. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून निघालो. दंव उतरल्यावर! तेवीस पोरं. बायका सात. आईला रूपालीने किती आग्रह केला, रिक्षातून तरी चला म्हणून. आई म्हणे, "माझं गुडघं."

आबा कॅरिअरवर. माझा शर्ट मागून मुठीत धरलेला. बंधाऱ्यापाशी डावीकडे वळलो आणि ती मूठ सैल झाली. कळलं मला पाठीला.

हिवराखाली सायकली आडव्या टाकल्या. बायकांनी दूध, साखर, पातेलं आणलंच होतं. म्हटलं, चूल तयारच आहे! दगड फार रुतलेले आणि लांब लांब होते. जालिंदरची टायर काढायची लोखंडी पट्टी घेतली, एकेक दगड उचकटून जवळ मांडायला लागलो. आबा आले, माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, "आबा, पोरांना चहा करतोय. एवढी पोरं आलीत."

पोरांकडे बघितलं त्यांनी. बराच वेळ. मग हात काढून घेतला आणि तिथेच, चुलीच्या अगदी जवळ बसले. धूर डोळ्यांत जात होता तरी हलेनात. स्वतः काटक्या सारत होते. चहा झाल्यावर एकेका पोराला म्हणायचे, "प्या. पोटभर प्या." मग प्रगतीला — "थोरले, तू घेतलास का?" आज ती चिडली नाही. "घेतला आजोबा," म्हणाली. स्वतः दोन कप प्यायले! घरी अर्धा संपत नाही.

परत येताना डोकं माझ्या पाठीला टेकवून बसले होते. आठ किलोमीटर. ही एवढी एक गोष्ट मला पाहिजे होती, आणि मिळाली.

रात्री जेवताना आईने विचारलं, "हिवर हाय का अजून? पाला हाय त्येला?"

"आहे की. खाली चूलसुद्धा तयार होती. तीन दगड."

आई ताटावरून उठली, आत गेली. गुडघे दुखत असतील.

४ फेब्रुवारी

आबा मोरीत घसरले. खुब्याचं हाड. वय बघता डॉक्टर फार काही करायला तयार नाहीत.

११ फेब्रुवारी

वाटा विचारून बघितल्या. बोट हललं नाही. सगळ्या गेल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आबा गेले. पहाटे. दंव होतं.

२ मार्च, रविवार

काल तेरावा झाला. पाहुणे पांगले. संध्याकाळी जालिंदर येऊन बसला. पोरं फेरी कधी म्हणून त्याचा जीव खातायत. तो चाचरतच म्हणाला, "संपतराव, राग नका मानू. बारक्या पोरांस्नी लांब पडतंय. आता आबा बी न्हाईत. सरळ जायाचं का?"

खरं आहे. बारकी दमतात, मागच्या वेळी दोघांना उचलून आणावं लागलं. आता हट्ट कोण करणार? सरळ जाऊ म्हटलं. पण आबांचे कागद मी बाहेर काढले नाहीत.

६ मार्च, गुरुवार

आज काढले. हिवराकडची वाट पुसायला खोडरबर घेऊन बसलो होतो. आई कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. कागदावरच्या हिवरावर तिने बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण झाड मी काढलं होतं.

"ह्ये नगं पुसू," म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच.

मी पहिला नाही. माझ्या आधी एक मुलगी होती. वाटेतच झाली, नऊ दिवसांनी वाटेतच गेली. कळप थांबवता येत नव्हता. हिवराखाली पुरली, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून आबांनी वर तीन दगड ठेवले. "बारसं बी झालं न्हवतं. नाव न्हाई, गाव न्हाई, तुला काय सांगायचं? तू झाल्यावर ह्ये तिला थोरली म्हनाय लागलं. कळप कुटं बी चालू दे, त्या अंगाला गेला की ह्ये वाकडं व्हनारच."

त्या दगडांची मी चूल केली. लोखंडी पट्टीने उचकटून. त्यांच्या डोळ्यांदेखत.

कागद तसाच हातात. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नगं. त्या राती समदी निजल्यावर मला हाळी मारली. किती दिसांनी मला वळखलं व्हतं! म्हनलं, आज थोरलीच्या घरी गेल्तो. लई पोरं आल्ती. समद्यांस्नी तिनं च्या पाजला."