दिवा लागायच्या आधी

रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी पाठ आणि वहिनीचा खोकला, दोन्ही आता ताळ्यावर आलं असेल. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि मग मी दोन दिवस वाकडी शिलाई मारत बसते. पत्रात निदान तुला मधेच "आधी माझं ऐक" म्हणता येत नाही.

इकडे सगळे मजेत. पडद्यांची कामं बरी येतायत. सध्या एका दवाखान्याचे हिरवे पडदे पुढच्या खोलीभर पसरलेत आणि आमचे हे छापखान्यातून आले की दारातूनच विचारतात, "डॉक्टर आहेत का आत?"

काल आम्ही सगळे विज्ञान संग्रहालयात गेलो होतो, नदीपलीकडचं नवीन. आपल्या लहानपणी संग्रहालय म्हणजे काचेची कपाटं आणि "हात लावू नये"ची पाटी. इथे जिकडे तिकडे उलटं. हात लावा, ओढा, फिरवा, ओरडून बघा. धाकटीने ते इतकं मनावर घेतलं, की पहारेकऱ्याच्या मिशीलाही हात लावून आली. वर मलाच म्हणते, "मग त्यांच्यावर पाटी का नाही?"

एक खुर्ची होती. कप्प्यांवरून आलेला दोर ओढून आपणच आपल्याला वर उचलायचं. हे हौसेने बसले आणि अर्ध्यात अडकले. थोरला खालून म्हणाला, "पप्पा, विज्ञानालाही वजनाची मर्यादा असते." तेरा वर्षांचा आहे आणि जीभ बघ. खाली उतरेपर्यंत रांगेतले पंधरा लोक ह्यांना सूचना करत होते.

बाबांना एक भिंत आवडली. तिच्यावर सोळा गोल बटणं आहेत. ज्यात दिवा लागेल ते दाबायचं, लगेच दुसरीकडे लागतो. चाळीस दिवे झाले की पडद्यावर आकडा येतो, दिवा लागल्यापासून दाबेपर्यंत सरासरी किती वेळ गेला त्याचा. थोरल्याला अर्धा सेकंद लागला. धाकटीला पाऊण, तोही टाचा उंचावून. बाबांना दीड सेकंदाच्या वर. त्यांचे अकरा दिवे तर हात पोचायच्या आधीच विझले. आम्ही हसलो, बाबाही हसले. म्हणाले, "बटणं बुटक्या माणसांसाठी लावलीत." पुढे आम्ही साबणाच्या फुग्यांकडे गेलो तरी ते तिथेच मागे हात बांधून उभे होते, दुसऱ्यांची मुलं कशी खेळतात ते बघत.

बाबांची शाळेची व्हॅन नीट चालू आहे. यंदा अकरा मुलं आहेत. पुढच्या डाव्या बाजूला जरा पोचा आला होता, बाजारात उभी असताना कोणीतरी घासून गेलं. ठोकून घेतलाय. बाहेरून कळलं तर उगाच काळजी करशील, म्हणून लिहिलं.

बाबांची तब्येत उत्तम आहे. एकाहत्तराव्या वर्षी पहाटे उठून गाडी पुसणारा माणूस तू आणखी एक दाखव. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हातून गाडी काढून घ्या म्हणत होतास ना, तेव्हा मी तुला जे बोलले ते मला अजूनही... जाऊ दे. आज भांडायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण


गुरुवार, १३ मार्च

दादा,

नमस्कार. तुझं उत्तर आलं. चार पानं लिहिलीस आणि भांडला नाहीस. उलट पोच्याबद्दल "बाजारात असं होतंच" लिहून मोकळा झालास. ते वाक्य वाचून मी पत्र शिलाईच्या डब्यात खाली ठेवून दिलं होतं. आज काढलं.

पोचा बाजारात आला नाही.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यातली गोष्ट. शाळेच्या मागच्या रस्त्याला बेकरीचं वळण आहे, तुला माहीतच आहे. वर्षभर तूही ती गाडी चालवलीस. त्या वळणावर शाळेने नवीन बाई नेमली होती, मुलांना रस्ता ओलांडून द्यायला. हातात "थांबा" लिहिलेली गोल लाल पाटी. मुलं तिला थांबामावशी म्हणायची. तिचा तिथला चौथा दिवस होता. बाबा वळले, तसे वळले जसे गेली अकरा वर्षं वळतायत, आणि गाडीची डावी बाजू तिला लागली. ती पडली, मनगट मोडलं. गाडीत दोन मुलं होती, त्यांना काही झालं नाही.

बाबांनी मला फोन केला, मी धावत गेले. बाबा म्हणत होते, "अचानक आली." आणि ती बाई पदपथावर बसून, हात पोटाशी धरून म्हणाली, "माझाच पाय घसरला असेल." नवीन नोकरी होती तिची, दादा. घाबरली होती. मला तेव्हाच कळलं, की ही घाबरून बोलतेय. मी तिला दवाखान्यात नेलं, औषधं आणून दिली, तिच्या घरी सोडलं, आणि एक शब्द बोलले नाही. रिक्षात ती मलाच म्हणाली, "तुम्ही किती केलंत माझ्यासाठी." मी रस्त्याकडे बघत बसले.

आठ दिवसांनी शाळेने तिला काढून टाकलं. जिचं स्वतःचंच लक्ष नाही ती मुलांना काय सांभाळणार, असं म्हणे. हेही मला कळलं होतं, आणि त्यानंतर मी तुला ते साबणाच्या फुग्यांचं पत्र लिहिलं.

आता भिंतीचं सांगते, कारण सगळं तिथेच उघडं पडलं.

संग्रहालयात त्या दिवशी बाबा हसले खरे, पण तो आकडा त्यांच्या मनात बसला. मंगळवारी वयस्कांना तिथे फुकट प्रवेश असतो. मुलांना शाळेत सोडून ते दर मंगळवारी जायला लागले, कोणाला न सांगता. खिशातल्या छोट्या डायरीत, जिथे ते मुलांच्या सुट्ट्या लिहितात, तिथेच मागच्या पानावर आकडे. दीड. सव्वा. एक. पाऊण. चौथ्या मंगळवारी माझ्यासमोर डायरी ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या थोरल्याला सांग, आजोबा आता त्याच्या मागेच आहेत."

मला किती आनंद झाला असेल सांगू? जानेवारीपासून छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलावा तसं झालं. म्हटलं, बघ, बाबा ठीक आहेत, ती बाईच खरोखर घसरली असणार. तुला डायरीतलं ते पान पाठवायचं, एवढंसुद्धा ठरवलं होतं मी.

परवा मंगळवारी मी त्यांच्याबरोबर गेले, त्यांचं कौतुक बघायला. सकाळची वेळ, दालन रिकामं. बाबांनी बाह्या वर केल्या, भिंतीसमोर उभे राहिले आणि सुरू झाले. काय हात चालत होता. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात मला दिसलं.

दिवा लागायच्या आधी त्यांचा हात तिथे होता.

एकदा वाटलं, मला भास झाला. मी बाजूने जाऊन बघितलं. वरच्या रांगेतलं तिसरं बटण, हात आधी, दिवा मग. खालच्या कोपऱ्यातलं, हात आधी. तिथे बसणाऱ्या बाईंना मी हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "चाळीस दिव्यांचा क्रम ठरलेला आहे हो. मुलं एकदा खेळून पळतात, कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या वडिलांसारखं पाठ करणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं."

बाबांना स्वतःला हे माहीत नव्हतं. त्यांनी लबाडी केली असं समजू नकोस. त्यांना मनापासून वाटत होतं, की नजर पुन्हा तेज झालीय. आयुष्यभर ज्याने रस्ते पाठ केले, त्याने भिंतही पाठ केली, एवढंच. आणि मी तिथे उभी राहून बेकरीचं वळण बघत होते. अकरा वर्षांचं पाठ वळण, आणि त्यात चार दिवसांची नवी बाई.

संग्रहालयातल्या बाईंना विचारलं, क्रम बदलता येतो का. म्हणाल्या, "शाळांच्या स्पर्धा असल्या की बदलतो आम्ही, मागे किल्ली आहे." मी दोन मिनिटं थांबले, दादा. वाटलं, नको, चल घरी. मग घड्याळ बघितलं. अकरा वाजत आले होते. तीन वाजता बाबा अकरा मुलं गाडीत बसवणार होते.

मी फसवून काही केलं नाही. सरळ सांगितलं. "बाबा, आता क्रम बदलून एकदा खेळा."

"कसला क्रम?"

"दिवे दर वेळी त्याच क्रमाने लागतात. तुम्हाला पाठ झालेत."

"काहीतरीच काय. मी बघून दाबतोय."

"मग बदलून काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तू परीक्षेचा निकाल लपवलास तेव्हा तुझ्याकडे बघितलं होतं तसं. मग वळले. बाईंनी किल्ली फिरवली.

मी मोजले नाहीत, पडद्यावर आले. चाळिसातले सतरा निसटले. पण आकडा राहू दे. त्यांचा हात वरच्या रांगेतल्या तिसऱ्या बटणावर जाऊन थांबला होता, दिव्याची वाट बघत, आणि खाली डावीकडे, त्यांच्या कोपराजवळ, दिवा लागून विझून गेला. त्यांना तो दिसलाच नाही. डावीकडे.

आम्ही बाकावर बसलो. समोर एक आई मुलाला लोहचुंबक दाखवत होती. तिकडे बघत बाबा म्हणाले, "ती बाई अचानक आली नव्हती गं. आधीपासून उभी असणार. मला दिसलीच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"थोडंसं."

"मग बोलली का नाहीस?"

याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. तुला देते. मी बोलले असते, तर तीन वर्षांपूर्वीच्या भांडणात तू जिंकला असतास. बापाला अडगळीत टाकायला निघालास, असं मी तुला वहिनीसमोर म्हणाले होते. ते शब्द खरे ठेवायला मी बाबांना रस्त्यावर ठेवलं, आणि एका गरीब बाईच्या मोडलेल्या मनगटावरून पुढे गेले.

मग मी तिथेच बसून फोन केले. अकरा मुलं, अकरा फोन. आज गाडी येणार नाही, उद्याही नाही, मुलांना तुम्ही न्या. एक आई म्हणाली, "बिघडली का गाडी?" मी म्हटलं, "गाडी ठीक आहे. कारण सोमवारी सांगते, भेटून सांगते." बाबा प्रत्येक फोनला मला मुलाचं नाव, इमारत, मजला सांगत होते, डायरी न उघडता.

गाडी घरी मी आणली. परवाना काढून नऊ वर्षं झाली आणि मी एकूण नऊ वेळा चालवली असेन. अख्खा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. बाबा शेजारी बसून म्हणाले, "तिसरा नावाचा एक गिअर असतो." मी म्हटलं, "गप्प बसा, मी बघून चालवतेय." बोलले आणि जीभ चावली. पण ते हसले, दादा. खरंच हसले. घराशी आल्यावर किल्ली मागितली नाही. माझ्याच पर्समध्ये आहे.

आता पुढचं. मुख्याध्यापिका बाहेरगावी आहेत, सोमवारी सकाळी आठला भेटतील. मी जाऊन सगळं सांगणार आहे. धडक कशी झाली, कोणाला दिसलं नव्हतं, कोण गप्प बसलं. थांबामावशीला तिचं काम परत द्या, हे लेखी मागणार आहे. काल तिच्या घरी जाऊन आले. प्लास्टर निघालंय, पण बोटं अजून नीट वळत नाहीत. सगळं ऐकल्यावर तिने दार लावून घेतलं. बरोबरच केलं. मी सोमवारनंतर पुन्हा जाणार आहे, आणि तिने उघडलं नाही तर पुन्हा.

गाडी अजून तुझ्या नावावर आहे. चौकशी झाली तर तुझं नाव निघेल, कदाचित तुला येऊन सही करावी लागेल, तुझ्या कामाच्या ठिकाणी विचारणा होईल. ते मला थांबवता येणार नाही, आणि थांबवणारही नाही. हे तुला आधी कळायला हवं होतं, म्हणून पत्र आज कुरिअरने पाठवतेय, शनिवारी पोचेल. परवानगी मागत नाहीये. हे म्हणाले, "एकदा दादाला विचार तरी." मी म्हटलं, विचारलं की तो दोन दिवस मागेल, आणि दोन दिवसांत मी पुन्हा घाबरेन.

बाबांना वाटतं, शाळेत मी एकटीने बोलू नये. काल रात्री जेवताना म्हणाले, "गाडी मी चालवत होतो, तोंड तू का उघडायचं? मी बोलेन, तू शेजारी बस." पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय.

रविवारी त्यांना फोन कर. गाडीचं काही काढू नकोस, ते काढतील. ते स्वतः करणार नाहीत फोन, कारण त्यांना वाटतं तू म्हणशील, मी सांगितलं होतं. तू तसं म्हणणारा नाहीस हे मला माहीत आहे. तीन वर्षं माहीत होतं.

तू तेव्हा बरोबर होतास, दादा. हे लिहायचं म्हणून पहिल्या ओळीपासून बसलेय आणि शेवटच्या पानापर्यंत टाळत आले. आता लिहिलंय. खोडणार नाही.

सोमवारी आठ वाजता बाबांच्या शेजारी बसलेली असेल ती,

तुझी बहीण