गोबरगॅसच्या खड्ड्याची मालकी

मी, जसोदाबाई भ्रतार चुनीलाल पाटील, वय वर्षे चौसष्ट, धंदा शेती, राहणार सारंगखेड्याजवळ तापीकाठी, तालुका शहादा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने नव्हे तर माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कमरेखालचं अंग गेलं आहे. डोकं शाबूत आहे, आणि जिभेचं म्हणाल तर घरातल्यांना विचारा. मी सांगते ते इसहाक मास्तर शाळेच्या मराठीत उतरवत आहेत. माझा मुलगा लोटन याचे शब्द मात्र तो बोलला तसेच ठेवायला सांगितलं आहे.

कलम १. राहतं घर, कपाशीची जमीन, केळीचा मळा, विहीर व गुरंढोरं मयत मालकांनी माझ्या नावे करून दिलेली आहेत. ती सर्व, खाली वगळलेलं सोडून, लोटनला. त्याने जन्मात माझी एक गोष्ट ऐकली नाही. तरी पोटचा आहे, करता काय!

कलम २. सोन्याच्या पाटल्या मुलगी रंजनाबाई हिला. स्वयंपाकघरातलं सगळं सून सरलाबाईला, गॅसच्या शेगडीसह. त्या शेगडीबद्दल दोन शब्द लिहा. सात वर्षांपूर्वी योजनेचे साहेब आले. म्हणाले, सातपुड्याचं जंगल तुमच्या चुलीत जातंय आणि शेण गोवऱ्यांत जातंय. शेणाचा गॅस करा, उरलेलं खत शेतात घाला, सरकार मदत देईल. मालकांनी गोठ्यामागे खोल खड्डा बांधला आणि वर लोखंडी टाकी पालथी घातली. निळी ज्योत लागली त्या दिवशी मी चुलीपाशी रडले, आणि धुराशिवाय रडायची ती माझी पहिलीच वेळ. माझे डोळे त्या गॅसने वाचवले. त्याला मी नावं ठेवणार नाही.

कलम ३. गॅस कसा पेटवायचा ते साहेबांनी दाखवलं. खड्डा कसा साफ करायचा ते कुणी दाखवलं नाही. पुढे गाळ साचला, गॅसने वर उचलली जाणारी टाकी वर येईना. मालकांनी टाकी काढवली आणि आमचा सालदार रायसिंग याला उतरायला सांगितलं. आमच्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात. विझला तर आतली हवा वाईट, जळत राहिला तर खुशाल उतरा. रायसिंगने तसाच कंदील सोडला. "पाटील, कंदील जयी ऱ्हायना," म्हणाला, म्हणजे जळतोय, आणि कंदील आत टांगता ठेवूनच शिडीने उतरला. गाळावर वाळलेला थर होता, तो त्याने फावड्याने फोडला. गॅस त्या थराखाली दबलेला. विहिरीतली वाईट हवा दिवा विझवते, ही हवा दिव्यावर पेट घेते. भडका उठला तो गोठ्याच्या कौलांपर्यंत. रायसिंग वर आला नाही.

पंचनाम्यात आलं, 'दारूच्या नशेत तोल जाऊन पडला.' साफ खोटं. त्या सकाळी त्याने माझ्या हातचा चहा घेतला होता, दुसरं काही नाही. मी दारातून ओरडून सांगितलं, तर पंच म्हणाले, बाईमाणसाचं काय लिहायचं? आता लिहा, मास्तर. ठळक लिहा.

कलम ४. यंदा गॅस पुन्हा मंदावला. मंगळवारी साहेब पाहुणे घेऊन येणार आहेत, आमचा गोबरगॅस म्हणे सगळ्या तालुक्याला दाखवायचा आहे. लोटनने टाकी काढून तोंडावर फळ्या टाकल्या आहेत. सोमवारी सफाई. कोण उतरणार, मी विचारलं.

"दलसिंग उतरी. मी वर दोर धरसू."

दलसिंग म्हणजे रायसिंगचा धाकटा भाऊ. याच आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं वर्षभराच्या चाकरीचं साल आमच्याकडे ठरलं. साल ठरलं की मालकाला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, अरे मेल्या, त्याच्या भावाचं काय झालं ते विसरलास?

"माय, उगाच भ्याव घालू नको. आधी कंदील सोडसूत ना."

कंदील! ऐकलंत, मास्तर? फळ्यांखाली रात्रंदिवस बुडबुडे फुटतात. म्हशी तिकडची वैरण तोंडी लावत नाहीत.

कलम ५. सबब, गोठ्यामागचा खड्डा, टाकी, भोवतालची जागा व तिथवरची वाट रायसिंगची विधवा बुधीबाई हिला कायमची. तिने ती माती टाकून बुजवावी, कुलूप ठोकावं, मनाला येईल ते करावं. तिच्या परवानगीवाचून कुणी एक फळी हलवली तर केळीचा मळाही तिचा. लोटन, इथून पुढे तुला तिच्या दारात उभं राहून विचारावं लागेल, आता तुझ्या घरातलं कोण उतरवू म्हणून. विचारून बघ.

कलम ६. मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होतं, असं मास्तर सांगतात. आज शनिवार. मरेतोवर मालकीण मीच, पण लुळ्या बाईच्या मालकीला कोण भीक घालतो? लोटन हसला. "तू खाटवर पडी ऱ्हाय," म्हणाला. बरं बाबा, पडून राहते. दिवस मावळल्यावर माझ्यापाशी कुणी दिवा आणू नये. विडी ओढणाऱ्यांनी दूर जावं. मी आपण होऊन उठणार नाही, आणि मला उचलायचं तर मी मेल्याची खात्री करून मगच उचलावं.

वरील मजकूर मास्तरांनी दोनदा वाचून दाखवला. एक अक्षर कमी करू दिलं नाही.

जसोदाबाई चुनीलाल पाटील, डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार : इसहाक मास्तर, मूळ राहणार नवापूर
साक्षीदार : १. निर्मलाबाई, गावची सुईण, सही
२. दलसिंग, सालदार, अंगठा. खाट यानेच उचलून आणली.

तारीख : शनिवार, ३ मे १९६९
ठिकाण : गोठ्यामागे, गॅसच्या खड्ड्यावरच्या फळ्यांवर, माझी खाट