तुळशीखालची तार

३१ जाने. ७९, बुध. सालवड
काल ह्यांचं तेरावं झालं. आज दुपारी ह्यांच्या कंपनीचे फोरमन आले. चहा घेतला नाही. "भाभीजी, वो सीटीवाली पेटी कंपनी की है. सोमवार को गाड़ी आएगी." चपला घालताना, "उनकी जगह आपकी नौकरी की बात भी ऊपर चल रही है. समझिए."
समजले. हो म्हटलं.

१ फेब्रु.
टाकीतली पातळी हात न लावता कळावी म्हणून ह्यांना ते यंत्र करायला सांगितलं होतं. चाचणीत हात त्याच्या कांडीजवळ नेला की शिट्टी चढायची, लांब नेला की उतरायची. त्या दिवशी घरी येऊन हे जेवलेच नाहीत. रशियात फार पूर्वी एकाने गॅस मोजताना हेच ऐकलं आणि त्याचं वाद्य केलं, असं ह्यांनी कुठेसं वाचलेलं. यंत्र पुढे नापास झालं. साहेबांना तोंडी विचारून भंगारातून घरी आणलं. तोंडीच.
पेटी आणि वर उभी कांडी. शिवायचं नाही, हवेत हात हलवायचा. ह्यांच्या आई म्हणायच्या, "सोवळ्यातली पेटी गं बाई ही!"
मला रोज म्हणायचे, ये, हात धर. मी म्हणायचे, उद्या.

२ फेब्रु.
आई वाण्याकडे गेल्यावर पेटी लावली. नुसती घुं घुं. हात जवळ, लांब, काही फरक नाही. बोईसरहून रेडिओवाल्याला बोलावलं. "वहिनी, आत सगळं ठीक आहे."
मग? सोमवारला तीन दिवस.

३ फेब्रु., शनि.
शेजारच्या पार्वतीकाकू कुंपणावरून, "तुळस वाळली गो तुमची. पानी नाय घालत कोन?"
आई म्हणाल्या, सुतक होतं ना.
"सुतक तुमाला, तिला नाय. मना सांगायचं, मी घातलं असतं."
ऐकता ऐकता पेटीमागची तार आठवली. खिडकीतून अंगणात जाते. अर्थिंग. ह्यांनी तुळशीखाली तांब्याचा पत्रा पुरला होता. आई रोज सकाळी पाणी घालतात, माती कायम ओली, म्हणून तिथेच. तेव्हा आई केवढ्या चिडल्या होत्या. सुतकात कोणी घातलं नाही, नंतर कोणाला सुचलं नाही; माती सुकली, अर्थिंग गेलं.
चार कळशा ओतल्या. पेटी लावायचा धीर झाला नाही.

४ फेब्रु.
वाजली.
माझा हात कापत होता, सूरही तसाच. आई दारात. "त्याचा असा कापत नसे." मग पदर खोचून स्वतः पुढे आल्या. एकच सूर, सरळ, किती वेळ धरला. भात करपला.

५ फेब्रु., सोम.
सकाळी तार सोडवून पेटी बांधून ठेवायची, असं ठरवलं होतं. आईंनी तुळशीला पाणी घातलं, नेहमीपेक्षा जास्त.
गाडी आली आहे. बाहेर फोरमनचा आवाज. आई पेटीसमोर उभ्या, हात वर. म्हणाल्या, "नोकरी तुझी आहे. दार उघडायचं तर तू उघड."
हॉर्न दुसऱ्यांदा. तार अजून जोडलेलीच