मुरलेलं तेल

३ नोव्हेंबर
आजपासून कढईतलं तेल रोज बदलायचं. भांडून ठरवलंय!

एकवीस वर्षांत आमच्या हॉटेलातली कढई कधी रिकामी झाली नाही. कालच्या तेलावर आजचं ओतायचं आणि तळायला बसायचं, ही सासूबाईंची पद्धत. मुरलेल्या तेलात भजी लाल येतात म्हणे. ह्यांच्या छातीत स्टेंट बसून महिना झाला, तरी हे तेच धरून बसलेत. "नांदूरघाटात लोकं आपल्या भज्याच्या रंगावर थांबतेत. चांगलं तेल कशाला फेकायलीस?"

माणूस राहिला तर रंग!

६ नोव्हेंबर
केजला दाखवून आलो. धनश्री डॉक्टर आमच्या पोरीच्या वयाच्या, पण सांगतात बैजवार, एकेक उलगडून. रक्तात चरबीचे बारीक बारीक कण फिरतात. जास्त झाले की नसेच्या भिंतीत शिरून अडकतात आणि तिथं खवट होतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना घाण समजून गिळतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथंच मरतात. त्याचाच थर साचत जातो, नस अरुंद होते.

मी विचारलं, "खवट म्हंजी? तेलाच्या डब्याच्या तोंडाशी चिकट धरतं, तसं?"

"तसंच समजा, मावशी. तंबाखूनं ते वाढतं. परत परत तापवलेल्या तेलानंही भर पडते. पण गोळी पहिली. ती एक दिवस चुकवायची नाही."

तंबाखूचं नाव निघालं आणि हे पंख्याकडं बघायला लागले.

७ नोव्हेंबर
पुडी सापडली, गल्ल्याच्या मागं. चुलीत घातली. दुपारपर्यंत हे फुगून बाहेरच्या बाकड्यावर. चालेल.

१२ नोव्हेंबर
भजी पिवळी आली. ऊसतोडीला निघालेली टोळी थांबली होती. त्यातला सुग्रीव दर साली येणारा. घाणा बघून म्हणतो, "वैनी, भजी आजारी हायती का?" सगळे हसले. हे माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मीच हॉटेल बुडवलं! पण सुग्रीवनं दुसरी प्लेट मागितली. मागितलीच!

१८ नोव्हेंबर
इथं खरं लिहिते. कढईत उरलेलं तेल साबणवाल्याला देते, असं ह्यांना सांगितलंय. देत नाही. मोरीजवळच्या डब्यात साठवते. टाकायला हातच होत नाही. ह्यांचं कालवण ताज्या तेलात, वेगळ्या पातेल्यात. माझं एकटीचं डब्यातल्या तेलात. मी जेवते सगळ्यांच्या शेवटी, कोण बघतंय! उरलेली गार भजी तर लग्न झाल्यापासून माझ्याच वाट्याची.

स्टेंट ह्यांना आहे. मला काय धाड भरलीय?

२७ नोव्हेंबर
नारायणगडला जाऊन आलो. ह्यांच्यासाठी नवसच बोलले होते तसा. चढताना हे पुढं, मी मागं! दोनदा बसावं लागलं मला. जबडा ठणकत होता, दाढच असणार. पण ह्यांची पाठ पुढं चालताना बघून इतकं बरं वाटलं की दाढेचं विसरून गेले.

४ डिसेंबर
गोळी चुकली नाही. पुडी नाही. मी जिंकायलेय.

९ डिसेंबर
ह्यांचा रिपोर्ट आला. चरबी निम्म्यानं खाली! मला तर तिथंच पेढे वाटावेसे वाटले. डॉक्टर मात्र माझ्याकडंच बघत होत्या. "मावशी, एका जिन्यानं एवढा दम?" पित्त आहे म्हटलं. ऐकेनात. छातीला तारा लावून पट्टी काढली, रक्त घेतलं, वर बीडला जाऊन तपासायची चिठ्ठी दिली. उगीच.

१५ डिसेंबर, बीड
उगीच नव्हतं. माझ्या तीन नसा बंद होत आल्यात. उद्या ऑपरेशन. इथले डॉक्टर म्हणाले, हे महिन्याभराचं नाही, कैक वर्षांचं साठलेलं आहे.

हे गावाकडून माझी लुगडी आणायला गेले होते. आले ते मोरीजवळचा डबा घेऊनच. खाटेपाशी ठेवला. "हे साबणवाल्याला दिलंतं ना?"

मी पायानं डबा खाटेखाली सरकवला.

"मला ताजं, अन् तुला हे?"

आता खरंच साबणवाल्याला द्या म्हटलं. मी घरी आले की दोघांचं पातेलं एकच, ताज्या तेलाचं.