मामाच्या नावाचा पोहेहार

॥ श्री ॥
डोंगरकडा, ४ मे २०२५

चि. विश्वंभर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सृष्टीचं लग्न अक्षय तृतीयेला नीट पार पडलं. जावई शिवशंकर फार बोलत नाहीत, पण पंगतीत त्यांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पोरगी सेनगावला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तुझी आठवण मात्र मंडपातच आली. सृष्टीला धरून आणायला मामाचा हात हवा होता. तिथे चुलतभाऊ प्रभूला उभं केलं.

तू पाठवलेला पोहेहार पोचला. आहेर पुकारणाऱ्या मसाजींनी भोंग्यावरून ठणकावून सांगितलं, "मामाकडून, विश्वंभररावांकडून, सोन्याचा पोहेहार!" सगळा मंडप वळून बघायला लागला. माहेरचं नाव असं गाजलेलं ऐकून मी पदर डोळ्यांना लावला.

पण एक विचारते, रागावू नकोस. तू दोन ओळींची चिठ्ठी का नाही दिलीस? मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात असताना आईच्या डब्यात शेंगांची चटणी यायची, तिच्यावरसुद्धा तुझी वेडीवाकडी चिठ्ठी असायची. आणि हार घेऊन आलेले ते गृहस्थ कोण? गलक्यात नाव कुणालाच ऐकू आलं नाही. सगळे त्यांना 'मामाकडचे पाहुणे' म्हणत होते. तू इन्सुलिन कधी घेतोस तेसुद्धा त्यांना माहीत होतं. जेवले नाहीत, पाणीही घेतलं नाही. मसाजी बोलत असताना मात्र मोबाइल वर धरून सगळं टिपत होते. जाताना ह्यांना विचारलं म्हणे, की विश्वंभरराव घरी पत्रं लिहितात का.

तुझ्या त्या बेटाची समुद्रहवा तुला मानवते का? गोड कमी खा. लोभ आहेच, तो वाढव म्हणून सांगायला लावू नकोस.

तुझी,
मोहिनीअक्का

॥ श्री ॥
बेटावरून, २३ मे २०२५

ती. अक्का हिस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. अक्का, मी हार पाठवलेला नाही. कुणाच्याही हाती काहीही पाठवलेलं नाही. दिवाळीला येईन तेव्हा सृष्टीच्या हातात देईन असं ठरवून मी स्वस्थ बसलो होतो. याची मला लाज वाटते, पण आज त्याहून मोठी अडचण आहे.

मी इथे कशासाठी आलो ते तुला थोडक्यात सांगितलं होतं. या देशाची सगळी फौज आपल्या झेडपीच्या शाळेच्या मैदानात मावेल, समुद्र मात्र अफाट. परदेशी जहाजं येऊन यांची मासळी चोरून नेतात. त्यांना अडवायला काय घ्यावं आणि पैसा कुठून आणावा, हे ठरवायला सरकारनं समिती नेमली. सैन्याच्या सामानखात्यात माझा जन्म गेला म्हणून मला सल्लागार म्हणून बोलावलं. एक कंपनी टेहळणीचे ड्रोन विकायला आली आहे. मी त्यांच्या विरुद्ध मत देणार हे त्यांना कळलेलं आहे.

आणि मागच्या आठवड्यात मंत्रीबाईंच्या टेबलावर एक व्हिडिओ आला. त्यात मसाजी माझं नाव घेऊन पोहेहार पुकारतात आणि सृष्टी तो गळ्यात घालते. सोबत चिठ्ठी होती: तुमच्या सल्लागाराच्या घरी सोनं पोचतं, कुणाकडून ते त्यालाच विचारा.

एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. अनोळखी माणसाचा हार दाजींनी कसा घेतला? त्यांच्याकडून कुणी काही कबूल करून घेतलंय का? हार परत मिळव. फोनवर यातलं एक अक्षर बोलू नकोस.

तुझा,
विश्वंभर

॥ श्री ॥
डोंगरकडा, १४ जून २०२५

चि. विश्वंभर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, पण उघडलेलं मिळालं असा मला संशय आहे. वसतिगृहात आमची पत्रं सिस्टर आधी वाचायच्या आणि मग पुन्हा चिकटवून द्यायच्या. तो दुसऱ्यांदा लावलेला डिंक मी अजून ओळखते. तुझ्या पाकिटाच्या कडेला तसाच कडकपणा होता.

ह्यांना विचारलं. ते चिडले. माणूस खरा असेल तर चिडतो, आणि खोटा असेल तरीही चिडतो. कोणतं समजायचं?

चतुराबाईकडून थोडं कळलं. आपल्या रानात तिच्या मेंढ्या बसवल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी एक गाडी तिच्याजवळ थांबली. पाहुण्यानं नवरीच्या मामाची चौकशी केली. हिनं सगळं सांगून टाकलं, की मामा येऊन न्हाई राहिले, आहेर बी अजून आला न्हाई, बाई नुसती वाट बघून राहिली. मी रागावले तर मलाच म्हणाली, काहून न सांगू, चांगला बूट घातलेला मानूस, सोयराच वाटला. तुमच्या भावापरीस त्यालाच जास्त काळजी व्हती.

आता माझं ऐक. बाईनं सांगितल्यामुळे आहेर आलेला नाही हे त्याला कळलं. पण तुझं इन्सुलिन त्याला कुणी सांगितलं? तुझ्या घराचा दरवाजा निळा आहे असंही तो मंडपात म्हणाला, ते त्याला कसं माहीत? तो तुझ्या ओटीवर कधी बसला होता का? मी तुला लहानपणापासून ओळखते. बक्षिसाचा पेला हरवलास तेव्हाही असंच, आधी दुसऱ्याचं नाव घेतलं होतंस. एकदाच विचारते. विश्वा, तू त्यांच्याकडून काही घेतलंस का?

हार मागायचा कसा हेही सांग. सृष्टीच्या सासूबाई, जनकाबाई, यांनी तो सगळ्या भावकीत दाखवलाय. नव्या नवरीच्या गळ्यातलं माहेरनं परत मागितलं, असं आपल्याकडे कधी ऐकलंस? पोरीला तिथं आयुष्य काढायचंय.

मन थाऱ्यावर नाही. तरी माया आहे तशीच आहे.

मोहिनीअक्का

॥ श्री ॥
बेटावरून, ६ जुलै २०२५

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न वाचून राग आला. मग आठवलं, की मीही दाजींवर हाच संशय घेतला होता.

तो माणूस माझ्या ओटीवर बसला होता, हे खरं आहे. कंपनीचा दुभाषी म्हणून आला होता. मी चहा दिला, फळं परत पाठवली. त्याच्यासमोर इन्सुलिन टोचून घेतलं. घेतलं काहीच नाही. पटत असेल तर पटवून घे.

मी समितीला स्वतः जाऊन सगळं सांगितलं आणि निर्णय लागेपर्यंत बाजूला झालो. ते मला वाईट वागवत नाहीत, पण मी खोलीत शिरलो की कागद उलटे होतात. मी गेलो तर ड्रोन येतील. ते वाईट आहेत असं नाही, पण त्यांचा एक स्क्रूसुद्धा इथं कुणाला उघडता येणार नाही. बिघडले की कंपनीची वाट पाहायची, आणि कंपनीला वाटेल तेव्हा समुद्र आंधळा. दुसरीकडे एक मोठा देश फुकट युद्धनौका देतोय. तिच्यासोबत खलाशीही त्यांचे आणि इथल्या बंदराची किल्लीही त्यांची.

माझं म्हणणं साधं होतं. लहान देशानं आपले मेकॅनिक ज्या उघडू शकतील अशा छोट्या बोटी घ्याव्यात. आधी डिझेल, सुटे भाग आणि माणसांचे पगार यांची सोय करावी, उरेल त्यात नवं घ्यावं. परदेशी जहाजांकडून मासेमारीचं शुल्क मिळतं, ते या कामासाठी वेगळं ठेवावं आणि लोकांच्या सभेत उघड वाचून दाखवावं. थोडं असेल, पण आपलं असेल. हे सांगणाऱ्याच्याच भाचीच्या गळ्यात दुसऱ्याचं सोनं असेल, तर ऐकणार कोण?

हार गुपचूप परत आणून भागणार नाही. तो भोंग्यावरून दिला गेलाय.

तुझा,
विश्वंभर

॥ श्री ॥
डोंगरकडा, १० ऑगस्ट २०२५

चि. विश्वंभर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आखाडात सृष्टीला माहेरी आणायचं निमित्त होतं. तेव्हा हार हळूच ठेवून घेता आला असता. पण तुझं पत्र आलं आणि मी एकटी एसटीनं सेनगावला गेले. जनकाबाईंनी आधी पोहे दिले. मी कारण सांगितलं तशी त्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. म्हणाल्या, आमच्याकडून काही कमी पडलं का? मग म्हणाल्या, नकली निघाला का? मग त्यांचा आवाज चढला, की उद्या तुम्ही लेकरूच परत मागाल. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तुझं बेट कुठं आहे हे मला नीट सांगता आलं नाही. जावई दाराशी उभे राहून ऐकत होते. ते फक्त एवढंच म्हणाले, की दुसऱ्याचं असेल तर घरात नको.

सृष्टी आत गेली, हार घेऊन आली आणि तिनं तो माझ्या ओंजळीत टाकला. तिनं विचारलं, "आई, मग मामानं मला काहीच दिलं नाही?" मी नाही म्हणाले. तिचा चेहरा उतरला, विश्वंभर. सोन्यासाठी नाही उतरला.

घरी आल्यावर हार ह्यांच्यापुढे ठेवला. तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्नाच्या सकाळी मसाजी आहेर पुकारायला बसले. काकाचा झाला, आत्याचा झाला, मामाचं नाव घ्यायची वेळ आली आणि पुकारायला काही नव्हतं. तेवढ्यात तो माणूस डबी घेऊन ह्यांच्यापाशी आला. हार विश्वंभररावांसाठी त्यांच्या स्नेह्यांकडून आहे म्हणाला. मसाजींना 'मामाकडून' असं सांगायला सुचवलं ते ह्यांनी. भर मंडपात माझ्या माहेरची जागा रिकामी दिसू नये म्हणून. म्हणाले, तुझी मान खाली जाईल हे मला बघवलं नाही. इतकी वर्षं माझ्या माहेराची चेष्टा करणारा हा माणूस! मी आत जाऊन दार लावून रडले. तेवढ्या एका गोष्टीपुरता माझा त्यांच्यावरचा संशय संपला.

हार ह्यांनी पोलीस ठाण्यात जमा केलाय. तुझ्या त्या ड्रोनच्या कंपनीची एक कचेरी हैदराबादला आहे असं कळलं, हे तिथंही गेले, तर तिथले लोक म्हणाले असा माणूस आमचा नाहीच.

श्रावणी सप्ताहाच्या काल्याला सगळं गाव जमलं. ह्यांनी मसाजींच्या हातून माईक घेतला. काय बोलले ते प्रभूनं मोबाइलवर घेतलंय, ते तुला पाठवलंय. मी सांगत नाही, तूच ऐक. मागून चतुराबाई मोठ्यानं म्हणाली, की येवढं खरं बोलायला किसनरावाला येवढा उशीर काहून लागला. लोक हसले. हे हसले नाहीत.

प्रकृतीला जप. तुझं काय होतं ते कळेपर्यंत घास उतरत नाही.

मोहिनीअक्का

॥ श्री ॥
बेटावरून, २ सप्टेंबर २०२५

ती. अक्का हिस, ती. दाजींस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

समितीची बैठक काल झाली. लांब टेबल, एका टोकाला मंत्रीबाई, दुसऱ्या टोकाला मासेमारांचा प्रतिनिधी, एक म्हातारा, जाळी विणून बोटं वाकडी झालेला. आधी लग्नाचा व्हिडिओ लावला, मग काल्याचा. मराठी तिथं कुणालाच येत नाही. दूतावासातून माणूस येणार होता, तो आला नाही. मंत्रीबाई म्हणाल्या, तुम्हीच भाषांतर करा, आम्ही नंतर तपासून घेऊ.

पडद्यावर दाजी फेटा सारखा करत होते. मग ते बोलले आणि मला उभं राहून ते वाक्य इंग्रजीत सांगावं लागलं: "सृष्टीच्या मामानं लग्नात काहीच आहेर केलेला नाही. तो हार परक्याचा होता, तो आम्ही ठेवला नाही. नाव मी लावलं होतं, चूक माझी."

चारचौघांत, परमुलुखात, स्वतःच्या तोंडानं सांगायचं की मी भाचीला काही दिलं नाही. म्हाताऱ्यानं हात वर करून विचारलं, की तुमच्याकडे मामानं देणं जरुरीचं असतं का. म्हटलं, असतं. त्यानं पुन्हा विचारलं, आणि तुम्ही खरंच काही दिलं नाही? म्हटलं, नाही, एक साडीसुद्धा नाही. तो माझ्याकडे इतका रोखून बघत होता की मला आपल्या गावच्या पंगतीत बसल्यासारखं झालं. मग तो मंत्रीबाईंकडे वळून म्हणाला, हा माणूस खोटं बोलत असता तर यापेक्षा बरं काहीतरी बोलला असता.

भाषांतर तपासल्यावर मला परत घेतील असं बाई म्हणाल्या. ड्रोनची खरेदी थांबवलीय. जुन्या दोन बोटी इथल्याच गोदीत दुरुस्त करायचं ठरलं आणि शुल्काचा पैसा सभेत वाचून दाखवायचंही ठरलं. कंपनी म्हणते, तो दुभाषी आमचा नव्हताच. तो कुणाचा होता हे बहुधा कधी कळणार नाही. माझ्या दाराची कडी आता मी आतून लावतो.

दाजी, माफ करा. अक्का, तू मात्र एक सांग. मधल्या दिवसांत तुला खरंच वाटलं होतं का, की मी घेतलं असेन?

विश्वंभर

॥ श्री ॥
डोंगरकडा, २४ सप्टेंबर २०२५

चि. विश्वंभर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा घट बसले. सोयाबीन पावसानं आडवं झालंय. हे तुझं पत्र खिशात घेऊन फिरतात आणि कुणी विचारलं तर दाखवत नाहीत.

तू विचारलंस म्हणून खरं लिहिते. वाटलं होतं. सेनगावच्या एसटीत बसले तेव्हाही वाटत होतं. जनकाबाईंसमोर तुझी बाजू घेऊन बोलत होते तेव्हासुद्धा आतून खात्री नव्हती. सृष्टीला 'नाही' म्हणाले, तेही अंदाजानंच.

पण तू घेतलं असतंस तरी मी तो हार परत आणला असता. मग तुझ्याशी बोलले नसते, एवढंच.

दिवाळीला ये. आधी सेनगावला उतर, सृष्टीच्या हातात साडी दे आणि मग माझ्याकडे ये. माझा लोभ कमी झालेला नाही. तू तो तपासून घ्यायला ये.

तुझी,
मोहिनीअक्का